कोल्हापुरात रिक्षावाल्याला नेमकं काय सांगायचं

कोल्हापुरात अंतराचं दुखणं नाही. रेल्वे स्टेशनापासून अंबाबाईचं देऊळ दोन-अडीच किलोमीटर. देवळापासून रंकाळा किलोमीटरभर. न्यू पॅलेस आणि शिवाजी विद्यापीठ ही लांबची ठिकाणं, पण तीही गावातच. तरीही नवखा माणूस इथे दिवसाचे दोन तास हमखास वाया घालवतो, कारण गोंधळ रस्त्यांचा नाही, नावांचा आहे. एकाच नावाची चार-चार ठिकाणं आणि ती चार दिशांना. तेवढी नावं आधी सुटी करून घेतली की अर्धं काम झालं.

सुरुवात शिवाजी महाराजांपासून. शिवाजी चौक देवळाजवळ, भर बाजारात. शिवाजी पेठ देवळाच्या नैऋत्येला, रंकाळ्याच्या बाजूची जुनी वस्ती. शिवाजी पूल पंचगंगेवर, पन्हाळ्याच्या रस्त्याला. शिवाजी विद्यापीठ शहराच्या आग्नेय टोकाला. शिवाजी उद्यमनगर म्हणजे फाउंड्री आणि लेथची वसाहत. शिवाय शिवाजी स्टेडियम आणि शिवाजी पार्क आहेतच. रिक्षात बसताना ‘शिवाजी’ हळू म्हटलं तरी चालेल, पुढचा शब्द मात्र मोठ्याने म्हणा. शाहू महाराजांचंही तसंच: शाहूपुरी स्टेशनाला लागून, शाहू मैदान जुन्या गावात, शाहू स्टेडियम फुटबॉलचं, शाहू नाका बाहेरच्या बाजूला.

सगळ्यांत जास्त माणसं फसतात ती ताराबाईंच्या नावावर. ताराबाई रोड महाद्वारापासून रंकाळ्याकडे जाणारा, देवळाला चिकटून असलेला रस्ता. ताराबाई पार्क शहराच्या पार उत्तरेकडची शांत, बंगल्यांची वस्ती. खोली बुक करताना ‘ताराबाई’ एवढंच वाचून देवळाशेजारी राहायला मिळेल असं धरून चालणाऱ्याला पुढे दर वेळी रिक्षा करावी लागते. ताराबाई पार्कातली हॉटेलं चांगली आहेत, गाडी लावायला जागाही असते. पण पायी दर्शनाला जायचं असेल तर ती जागा नव्हे.

राजवाडेही तीन आहेत. जुना राजवाडा म्हणजे भवानी मंडप, देवळाच्या पूर्वेला, चालत तीन मिनिटांवर. न्यू पॅलेस कसबा बावड्याच्या वाटेवर, १८८४ मध्ये बांधून पूर्ण झालेला, आत छत्रपतींचं संग्रहालय. शालिनी पॅलेस रंकाळ्याच्या काठावर. नुसतं ‘पॅलेसला सोडा’ म्हटलं की रिक्षावाला बहुधा न्यू पॅलेसकडे वळवतो. भवानी मंडपात जायचं असेल तर भवानी मंडपच म्हणा.

राजारामपुरीत आणि शाहूपुरीत, दोन्हीकडे गल्ल्यांना नंबर आहेत. ‘आठवी गल्ली’ हा पत्ता पुरा नाही. ‘राजारामपुरी, आठवी गल्ली’ हवं. या दोन भागांच्या मधून रेल्वेचे रूळ जातात. ते ओलांडायला परीख पूल नावाचा बुटका, रुळांखालून जाणारा रस्ता आहे. जोराचा पाऊस झाला की त्याखाली पाणी साचतं आणि वाहनांना वळसा पडतो. स्टेशनापासून राजारामपुरी नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते, पण जुलैत गाडी पकडायची असेल तर वीस मिनिटं हाताशी ठेवा.

पेठांमध्ये पत्ता चौकापेक्षा तालमीवरून सांगतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, फिरंगाई. तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. तीच मंडळ, तीच फुटबॉलची टीम आणि तीच पत्त्याची खूण. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा: मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. वेस आता राहिली नाही, पण गंगावेश आणि रंकाळावेस ही नावं टिकून आहेत. कागदावर जो ताराराणी चौक आहे त्याला लोक कावळा नाका म्हणतात. पाटी वाचत बसू नका. बोलीतलं नाव पाठ करा.

उतरायचं कुठे

‘स्टँड’ म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, त्यालाच सीबीएस म्हणतात. ते रेल्वे स्टेशनाच्या जवळ आहे. पाठीवर एक पिशवी असेल तर चालत जाता येतं. पण एसटीची आणखी दोन स्टँड आहेत. गगनबावड्याकडून, म्हणजे तळकोकणातून येणारी गाडी फुलेवाडीवरून रंकाळ्याच्या बाजूने गावात शिरते. मुक्काम देवळाजवळ असेल तर कंडक्टरला आधीच विचारून रंकाळा स्टँडला उतरा. तिथून महाद्वार पायी दहा मिनिटं. सीबीएसपर्यंत जाऊन पुन्हा रिक्षाने उलटं येणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही फुकट. गारगोटीच्या, म्हणजे कळंब्याच्या बाजूने येणाऱ्यांना संभाजीनगर स्टँड आधी लागतं. परतीच्या वेळी उलटा प्रश्न विचारायचा: ही गाडी सुटते कुठून? कोकणच्या गाडीसाठी सीबीएसवर तासभर थांबायचं आणि गाडी भलतीकडूनच सुटायची, हे इथे नवीन नाही.

खासगी ट्रॅव्हल्सचं गणित वेगळं. पुण्या-मुंबईहून बेळगाव, गोवा किंवा बंगळूरकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या शहरात येतच नाहीत. त्या महामार्गावर ‘तावडे हॉटेल’ला उतरवतात. ते जेवायचं हॉटेल समजून शोधत बसू नका. तो महामार्गावरून शहरात वळायचा फाटा आहे. तिथून स्टँड साधारण चार किलोमीटर. तिकिटावर नुसतं ‘कोल्हापूर’ असतं, उतरण्याची जागा खाली बारीक अक्षरात लिहिलेली असते, ती वाचा. पहाटे चारला तिथे उतरलात तर रिक्षा मिळते, पण भाव तोंडी ठरतो. सोबत कुणी असेल तर दोघा-तिघांत रिक्षा करा, नाहीतर उजाडेपर्यंत चहाच्या टपरीजवळ थांबून सिटी बस पकडा.

रेल्वेने येणं सगळ्यांत सोपं, कारण लोहमार्ग इथेच संपतो. स्टेशनाचं नाव श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. झोप लागली तरी पुढे जायची भीती नाही. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची, कोयना दिवसाची. महालक्ष्मीचं तिकीट लवकर संपतं. अशा वेळी मिरजेपर्यंतचं बघा: मिरज मोठं जंक्शन, तिथे थांबणाऱ्या गाड्या कितीतरी जास्त, आणि मिरज-कोल्हापूर हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आत. पुढे एसटी सतत असते. कोकणातून मात्र थेट रेल्वे नाही. घाटानेच यावं लागतं, आणि पावसाळ्यात दरड आली की करूळ किंवा भुईबावडा बंद होतो. तेव्हा गाडी फोंड्याने किंवा आंबा घाटाने वळते आणि वेळापत्रकाला अर्थ राहत नाही.

रिक्षा, केएमटी आणि वडाप

रिक्षात बसण्याआधी ‘मीटरनं येणार का?’ एवढं विचारा. बसल्यावर विचारलं तर तो वाद होतो. शहराच्या हद्दीबाहेर, म्हणजे जोतिबा, पन्हाळा, नृसिंहवाडी, मीटरचा प्रश्न येत नाही. जाऊन-येऊन आणि थांबण्याचा वेळ धरून एकच आकडा ठरवायचा. थांबायचे तास किती ते स्पष्ट बोला, कारण भांडण नेहमी तिथेच होतं. ॲपवर गाडी मिळेलच असं धरून बेत आखू नका, विशेषतः पहाटे.

केएमटी म्हणजे महापालिकेची सिटी बस. तिच्या पाटीवर शेवटचा थांबा लिहिलेला असतो आणि तो पाहुण्याला ओळखीचा नसतो. त्यामुळे पाटी वाचण्यापेक्षा दिशा लक्षात ठेवा. ‘शुगर मिल’ लिहिलेली बस कसबा बावड्याकडे जाते, म्हणजे न्यू पॅलेसच्या अंगाची. ‘आर. के. नगर’ दक्षिणेकडे. गावातले चढायचे मोठे थांबे म्हणजे शाहू मैदान, गंगावेश आणि महाराणा प्रताप चौक. सुट्टे पैसे जवळ हवेत. एसटीतली महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत केएमटीत लागू नाही. ती मार्च २०२३ पासून एसटी महामंडळाच्या गाड्यांपुरती आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत आहे, पण वयाचा पुरावा जवळ लागतो. आणि दोन्ही सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच. निपाणी-बेळगावला निघालात तर कागलच्या पुढे कर्नाटक सुरू होतं, तिथून पुढचं तिकीट पूर्ण.

वडाप हा शब्द पुण्याच्या पलीकडच्यांना नवा असतो. वडाप म्हणजे माणशी भाडं घेणारी जीप, व्हॅन किंवा रिक्षा. आसपासच्या गावांना जायचं आणि एसटी नुकतीच निघून गेली असेल तर वडापच आधार. ती भरल्याशिवाय हलत नाही. ‘निघालीच’ याचा अर्थ अजून चार माणसं हवीत. शेवटचा माणूस कुठे बसणार हा प्रश्न विचारू नये, तो बसतोच. जाताना वडाप मिळाली म्हणून परतताना मिळेल असं नाही. अंधार पडला की फेऱ्या घटतात, म्हणून उतरतानाच ड्रायव्हरला शेवटच्या फेरीची वेळ विचारून ठेवा.

जुनं गाव पायीच

देवळाभोवतालच्या एक किलोमीटरच्या वर्तुळात चाकं विसरायची. महाद्वार रोड, जोतिबा रोड, ताराबाई रोड हे बाजाराचे रस्ते. गर्दीच्या दिवशी तिथे वाहनं सोडतच नाहीत. स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांची खास चूक अशी: मोबाईलच्या नकाशात ‘महालक्ष्मी मंदिर’ टाकायचं. नकाशा तुम्हाला इमानेइतबारे पापाच्या तिकटीजवळच्या गल्लीत आणून सोडतो. समोर हातगाडी, मागे रिक्षा, आणि गाडी वळवायला जागा नाही. नकाशात देऊळ टाकूच नका. बिंदू चौक टाका. तिथला वाहनतळ भरला असेल तर दसरा चौक. बिंदू चौकातून भवानी मंडपमार्गे देऊळ सहा-सात मिनिटांवर. वाटेत बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे दिसतील. ते ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना.

देवळाला चार दरवाजे आहेत. पश्चिमेला महाद्वार, उत्तरेला घाटी दरवाजा, पूर्वेचा भवानी मंडपाच्या अंगाचा, आणि दक्षिणेचा विद्यापीठ हायस्कूलकडचा. चपला एका दारात काढायच्या आणि बाहेर पडायचं दुसऱ्याने, ही इथली नेहमीची फजिती. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी ती महागात पडते, कारण आवाराच्या काळ्या दगडाची फरशी तव्यासारखी तापते. आत शिरतानाच दरवाजाचं नाव मोबाईलवर लिहून ठेवा. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला रांग लांबते. घाई असेल तर इतर दिवशी सकाळी लवकर या. किरणोत्सवाच्या दिवसांत, नोव्हेंबरच्या ९ तारखेच्या आणि जानेवारीअखेरच्या आसपास, सूर्यास्ताच्या वेळी महाद्वाराकडून मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात. तेव्हा संध्याकाळचं दर्शन पटकन होईल ही आशा सोडून द्यायची.

देवळातून पुढे तीन वाटा, तिन्ही पायी. पहिली पश्चिमेकडे ताराबाई रोडने रंकाळ्याला, बारा-पंधरा मिनिटं. तळ्याला पूर्ण फेरी घालायची तर तास-सव्वा तास लागतो. बहुतेक लोक चौपाटीपासून संध्यामठाच्या बाजूपर्यंत जाऊन परततात, आणि तेवढं पुरतं. दुसरी उत्तरेकडे पापाची तिकटी, गंगावेश, मग पंचगंगा घाट, साधारण वीस मिनिटं. संध्याकाळी गेलात तर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध देतात. ज्यांना कच्च्या दुधाची सवय नाही त्यांनी पुढच्या प्रवासाआधी हा प्रयोग करू नये. तिसरी दक्षिणेकडे बिनखांबी गणेश, मिरजकर तिकटी आणि खासबाग. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं हे कुस्तीचं मैदान. प्रेक्षक उंचावर आणि आखाडा खोलगट मध्यात, त्यामुळे मागच्यालाही पैलवान पूर्ण दिसतो.

मिसळीचा विषय दोन वाक्यांत. ती सकाळची, दुपारनंतर चांगली ठिकाणं आवरलेली असतात. आणि सोबत पाव म्हणून ब्रेडच्या स्लाइस येतात, परत पाठवू नका. कट वेगळा मागितला तर मिळतो.

टाऊन हॉलचं संग्रहालय सीपीआर रुग्णालयासमोर आहे, भाऊसिंगजी रोडवर. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती तिथे आहे. हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार करत होतं हे त्या एका मूर्तीवरून कळतं, तरीही पाहुणे ते संग्रहालय टाळून चप्पल लाईनला जातात. सोमवारी बंद असतं. चप्पल लाईन शिवाजी चौकाजवळच आहे, दोन्ही होऊ शकतं.

जोतिबा आणि पन्हाळा एका दिवसात

दोन्ही वायव्येला, दोन्ही वीस किलोमीटरच्या आसपास, आणि दोन्हींचा रस्ता शिवाजी पुलावरून रत्नागिरीच्या दिशेने. केर्लीला जोतिबाचा फाटा फुटतो, पुढे वाघबीळला पन्हाळ्याचा. एसटीने दोन्ही करायचं असेल तर आधी जोतिबा, मग पन्हाळा. कारण जोतिबाचं काम दोन तासांत होतं, पन्हाळ्याला अर्धा दिवस द्यावा लागतो. जोतिबावर रविवारी आणि पौर्णिमेला गुलालाची तयारी ठेवा. पांढरे कपडे खोलीवर राहू द्या. पन्हाळ्यावर बाहेरच्या वाहनांकडून नगरपरिषद कर घेते. गडावर स्टँडपासून सज्जा कोठी, अंबरखाना, अंधारबाव, तीन दरवाजा हे सगळं पायी जमतं, पण चढ-उतार धरून तीन तास लागतात, आणि गडावर पाऊस शहरापेक्षा कितीतरी जास्त. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्यापासून शनिवार-रविवारी तर गाडी लावायलाही वणवण होते. परतीची शेवटची एसटी किती वाजता, हे वर पोहोचल्या पोहोचल्या स्टँडवर विचारा. खाली वाघबीळपर्यंत चालत येऊन हात दाखवणं जमतं, पण अंधारात तो रस्ता चालण्याचा नाही.

कधी येऊ नये

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत निघण्याआधी एकच आकडा बघायचा: राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. तो आकडा रोज जाहीर होतो आणि कोल्हापूरकर तो क्रिकेटच्या धावांसारखा विचारतात. ३९ ओलांडली की आजूबाजूचे बंधारे आणि छोटे पूल आधीच पाण्याखाली असतात, गगनबावड्याचा रस्ता डळमळीत होतो. ४३ च्या वर गेली की शहराचे सखल भाग धोक्यात: शाहूपुरीचा काही भाग, व्हीनस कॉर्नर, जयंती नाल्याच्या कडेच्या वस्त्या. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी पन्नास फुटांच्याही वर गेलं आणि पुण्याकडचा महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला. पातळी चाळिशीत असेल आणि पाऊस थांबलेला नसेल तर येऊ नका. आलेलेच असाल तर दक्षिणेकडून, कागलच्या बाजूने बाहेर पडायचा रस्ता आधी तपासा, पण तोही खुला असेलच असं नाही.

बाकी अडचणी सणांच्या. अनंत चतुर्दशीला मिरजकर तिकटीपासून महाद्वार, पापाची तिकटी, गंगावेश हा सगळा पट्टा मिरवणुकीचा, आणि ती दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाई टेकडीला जाते, त्या दिवशी शहर पूर्व-पश्चिम ओलांडणं कठीण. दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौक बंद. चैत्र यात्रेत जोतिबाचा डोंगर माणसांनी भरलेला असतो. दर्शन हवं असेल तर जा, पन्हाळा बघायचा असेल तर नको. आणि फुटबॉलचा हंगाम असेल, पाटाकडील आणि दिलबहारसारखी जोडी शाहू स्टेडियमवर असेल, तर मॅच सुटायच्या वेळी त्या बाजूला गाडी घालू नका.

रस्ता विचारलात तर उत्तर बहुधा येईल, ‘हितंच हाय की, सरळ जावा.’ हे ‘हितंच’ दोनशे मीटरही असतं आणि दीड किलोमीटरही. लगेच दुसरा प्रश्न विचारा: ‘चालत किती मिनिटं?’ त्याचं उत्तर बरोबर येतं. रात्रीची ट्रॅव्हल्स तावडे हॉटेलवरून असेल तर देवळाजवळून पाऊण तास आधी निघा. त्यातली वीस मिनिटं रिक्षाची. उरलेला वेळ लागतो तो सर्व्हिस रोडची नेमकी कुठली बाजू, आणि ओळीने थांबलेल्या गाड्यांतली आपली कुठली, हे शोधायला.